अप्पांचा चार नंबर

आमच्या घरात मराठीचा खरा उपयोग कुलपासारखा व्हायचा. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आसपास चार-दोन घरं आमच्यासारखी मराठी बोलणारी, बाकी सगळा तमिळ मामला. त्यामुळे चारचौघांत काही गुपित बोलायचं असलं की आम्ही आवाज खाली करत नसू, भाषा बदलत असू. साडीच्या दुकानात आई दुकानदाराकडे बघून गोड हसायची आणि मला सांगायची, "रंग जाणार गं हिचा, दोन धुण्यांत पोतेरं होईल." दुकानदारही हसायचा. बिचाऱ्याला वाटायचं, बाईंना साडी आवडली. डॉक्टरांसमोर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत आमचं असंच चालायचं. आपलं बोलणं कुणाला कळत असेल अशी शंकासुद्धा आमच्यात कधी कुणाला आली नाही.

पुढे चेन्नईत एका कंपनीत मी नेटवर्कची राखण करायची नोकरी केली. पासवर्ड, सांकेतिक किल्ल्या, कोण कुठून चोरून ऐकतंय त्याचा शोध, दिवसभर हेच. भलीभली कुलपं उघडलेली मी पाहिली. घरच्या कुलपावरचा विश्वास मात्र तसाच राहिला.

लग्न मी तमिळ मुलाशी केलं. पापनाशमचा, मोटारी आणि पंप दुरुस्त करणारा, फार कमी बोलणारा. मी तापट आहे, तेव्हा घरात एक कमी बोलणारं माणूस असणं भागच होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विरोध केला नाही. जातीपातीचं काही काढलं नाही. फक्त एकदाच म्हणाले, "तू एकुलती. आता ह्या घरातली मराठी तुझ्यामाझ्यापाशी संपली म्हणायची." माझं डोकंच फिरलं. "संपू दे की! माणूस चांगला आहे ते बघा!" असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. 

त्यानंतर जावयाशी त्यांचं बोलणं तीन तमिळ शब्दांत आटोपायचं. वांगो, उक्कारुंगो, साप्टींगळा. या, बसा, जेवलात का. आदर पुरेपूर, माया शून्य. आणि आम्ही बापलेक त्याच्यासमोर खुशाल त्याच्याबद्दलच मराठीत बोलायचो. "माप्पिळ्ळैंना अजून वाढ की, लाजतायत," हे अप्पा मला सांगणार, शेजारी बसलेल्या त्याला नाही. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. तो आपला मान खाली घालून भात कालवत बसायचा.

आई गेली आणि अप्पा खचले. ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. ट्रंक कॉल जोडून देण्याच्या काळात गावातली सगळी भांडणं आणि सोयरिकी त्यांच्या कानावरून गेल्या, पण घरी त्यांनी एक अक्षर आणलं नाही. आई चिडायची, "सांगा ना, मराठीत सांगा, कुणाला कळतंय!" तरी नाही. असा जन्मभर आवाजांत वावरलेला माणूस आता दिवसदिवस तोंड उघडेना. खुर्चीत बसून राहायचे. पेपर यायचा आणि घडी न मोडता रद्दीत जायचा. मी नोकरी सोडली, आम्ही दोघं तंजावूरला राहायला आलो, आणि ड्रोन चालवायचं रीतसर शिकून, परवाना घेऊन मी भातशेतीवर फवारणी करायला लागले.

ड्रोन म्हटलं की लोकांना लग्नातलं शूटिंग आठवतं. आमचा ड्रोन म्हणजे सहा पंख्यांचा दांडगा गडी, पोटाशी औषधाची टाकी. शहराजवळ हवाई दलाचा तळ असल्यामुळे नकाशावर तंजावूरभोवती मोठं लाल वर्तुळ आहे, तिथे उडवायला बंदी. म्हणून आमचं काम पापनाशमच्या आणि तिरुवैयारुच्या अंगाला, कावेरीच्या पाण्यावरच्या शेतांत. शेताच्या एका टोकाला मी रिमोट घेऊन उभी. शेताच्या बाजूच्या रस्त्यावर, मधोमध, गाडीपाशी नवरा, बॅटऱ्या बदलायला आणि टाकी भरायला. आणि पलीकडच्या बांधावर एक स्पॉटर लागतो. तिकडची विजेची तार, नारळाची झावळी, बांधावरून अचानक चालत आलेली बाई, हे मला एवढ्या लांबून कळत नाही. स्पॉटर वॉकीटॉकीवर सांगतो, येऊ दे, थांब, वर घे.

पहिल्या दिवशी ठरवलेला माणूस आलाच नाही. अप्पा गाडीत होते, मीच त्यांना हवाबदल म्हणून ओढून आणलं होतं. म्हणाले, "दे तो डबा इकडे." आणि त्या डब्यात ते बोलायला लागले आणि माझे वडील मला परत मिळाले. मी विचारायची, "तार?" की तिकडून भरदार आवाज, "तार विचारत्येस. तार पुढे आहे मा. येऊ दे. येऊ दे. बास, थांब." आधी माझा प्रश्न परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची एक्स्चेंजची शिस्त. आणि 'मा' हे तमिळमधलं लाडाचं 'बाळ'. घरी येताना भूक लागली म्हणायला लागले. मिशी कातरायला लागले. शेतकरी त्यांना "सार" म्हणून हाक मारायचे, त्यावर खूश असायचे.

एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच स्वतःहून सांगून ठेवली. "ज्या दिवशी मजला तार दिसणार नाही, त्या दिवशी मी बांधावरून उतरेन. तू सांगायची वाट बघणार नाही." मी थट्टेत म्हटलं, "मग काय, घरी खुर्ची आहेच." ते हसले नाहीत. त्या खुर्चीची त्यांना किती धास्ती होती ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं आणि मी जीभ चावली.

आता वॉकीटॉकीचं सांगते. रिमोट आणि ड्रोन ह्यांची आधी जोडी लावावी लागते आणि त्यांचं आपसातलं बोलणं सांकेतिक असतं. दुसरा कुणी रिमोट घेऊन आला तरी आमचा ड्रोन त्याला भीक घालणार नाही. पण आमच्या तिघांचे वॉकीटॉकी साधे, उघडे. त्या चॅनलवर जो येईल त्याला सगळं ऐकू जातं. मला त्याची काळजी नव्हती, कारण अप्पांशी मी मराठीतच बोलायची आणि नवऱ्याला जे काही तमिळमधून सांगायची, त्यात बॅटरी आणि टाकी ह्यापलीकडे काही नसायचं. अप्पा आणखी एक जादा वॉकीटॉकी सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, त्याची वायर कानात. "एक बिघडला तर?" म्हणायचे. एक्स्चेंजचा माणूस, म्हणून मी काही विचारलं नाही.

एका सकाळी ड्रोन हवेत, औषध चालू, तारेच्या जवळ आलेला. मी विचारलं, "तार?" आणि उत्तर आलं, "रसम! रसम एंगे?" कुणीतरी तमिळमधून ओरडत होतं, रसम कुठे, पंगतीत रसम आलंच नाही अजून! जवळच्या कल्याणमंडपात लग्न होतं आणि वाढपी तसलीच यंत्रं घेऊन पंगतीत फिरत होते. मी ड्रोन आहे तिथे हवेत थांबवला. गाडीपाशी नवरा पोट धरून हसत होता, तिकडे अप्पाही हसत असावेत. मला मात्र हसू येईना. म्हटलं, अरे, उद्या ह्या रसमापायी एखाद्याचा जीव जायचा!

लगेच मी तीन नवे संच मागवले, कुलूपबंद. संकेत मीच घातला. चॅनल एकच ठेवला आणि बाकीची बटणं गोठवून टाकली, म्हणजे चुकूनही कुणी दुसरीकडे जायला नको. जुने चारही गोळा करून पेटीत टाकायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, "त्यातला एक राहू दे मजजवळ."

"कशाला?"

"असू दे. सवय झाली आहे."

"छे! दोन वाटा ठेवल्या की गोंधळ होतो. एकच वाट, एकच कुलूप."

तेवढ्यात नवरा तमिळमधून म्हणाला, राहू दे ना एक, काय बिघडतं. "तुला काय कळतं ह्यातलं!" मी त्याच्यावर खेकसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते मी पाहिलं. मनात म्हटलं, चला, माझ्याविरुद्ध का होईना, एक तर झाले.

दुसऱ्या दिवशी पापनाशमजवळच्या एका शेतात नव्या संचांवर पहिली फवारणी. आवाज काय स्वच्छ येत होता! मी खुशीत होते. ड्रोन पलीकडच्या टोकाला निघाला आणि मी विचारलं, "तार?"

"तार विचारत्येस," अप्पा म्हणाले. आणि पुढे काहीच नाही.

"अप्पा, तार?"

ड्रोन चालला होता. मी अंगठा मागे ओढून त्याला थांबवलं. कानात अप्पांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "मागे घे मा. उतरव. मजला तार दिसत नाही."

मी ड्रोन मागे आणून उतरवला.  बांधावरून तरातरा चालत त्यांच्याकडे निघाले, चपला चिखलात रुतल्या त्या तिथेच सोडल्या. दिसत नाही म्हणजे काय? कालपर्यंत दिसत होती ना? कधीपासून दिसत नाही? मी लांबूनच ओरडत चालले होते. रस्त्यावरून नवरा धावत आला, माझ्याआधी पोचला आणि अप्पांच्या पुढे उभा राहिला.

"त्यांवर ओरडू नको," तो म्हणाला. "ओरडायचं तर मजवर ओरड."

मी ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. तो मराठीत बोलला होता. आणि मराठी तरी कुठली? मजवर, त्यांवर. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची, माझ्या अप्पांची. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून मराठीचा एक शब्द मी ऐकला नव्हता.

मग तिथेच बांधावर सगळं बाहेर आलं. आदल्या हंगामात अप्पांनी एका बुजगावण्याला बाई समजून मला थांबवलं होतं. मला वाटलं, किती सावध आहेत. गाडीपाशी उभ्या असलेल्या ह्याला मात्र शंका आली. पुढच्या वेळी ह्यानं चौथा वॉकीटॉकी काढला, चार नंबरच्या चॅनलवर लावला, वायर जोडून अप्पांच्या हातात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. ड्रोन उडाल्यावर आपल्या वॉकीटॉकीवर तोही चॅनल घेऊन त्यांच्या कानात तमिळमधून सांगितलं, "मामा, तार अजून लांब आहे." तमिळमध्ये सासऱ्याला मामाच म्हणतात. अप्पांचं पहिलं उत्तर आलं ते मराठीत. "तमिळ नको. सगळे ऐकतात." स्पॉटरला दिसत नाही हे शेतकऱ्यांच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणी आम्हाला शेतात पाय ठेवू दिला नसता. गुपित ठेवायचं तर ते मराठीतच ठेवायला हवं होतं. म्हणून त्या चार नंबरवर जावई सासऱ्याला तारा, झावळ्या आणि माणसं दाखवायचा, आणि सासरा जावयाला त्यांना काय म्हणायचं ते शिकवायचा. मग तेच अप्पा मला भरदार आवाजात सांगायचे.

"पण तुला मुळात कळायला कधी लागलं?" मी विचारलं.

"जेवताना," तो म्हणाला. "तुम्ही मजबद्दल बोलायचे ना. 'लाजतायत' हा पहिला शब्द शिकलो."

अगं बाई! आम्ही त्याच्या ताटासमोर बसून काय काय बोललो होतो ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याच्या आईच्या हातच्या कोळंबूपासून, म्हणजे चिंचेच्या आमटीपासून, त्याच्या घोरण्यापर्यंत. मला हसू यायला लागलं आणि त्याच्याच मागून संताप आला. "दोघांनी मिळून मला उल्लू बनवलंत! खाली एखादी बाई असती आणि तुमच्या ह्या आट्यापाट्यांत एक शब्द उशिरा आला असता तर? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतंस," नवरा म्हणाला.

खरंच बसवलं असतं. 

अप्पांनी गळ्यातला नवा संच काढला आणि माझ्या हातात दिला. "तू म्हणत्येस ते बरोबर आहे. माप्पिळ्ळैंच्या डोळ्यांनी तार दिसत होती तोवर राहिलो. आज दिसली नाही. मी काय बोललो होतो ते ध्यानात आहे ना? चला." आणि ते गाडीकडे निघाले. नवऱ्यानं त्यांच्या कोपराखाली हात धरला. मी लग्न केल्यापासून अप्पांनी त्याला कधी अंगाला हात लावू दिला नव्हता. आज त्यांनी आपला भार त्याच्यावर टाकला, आणि पाय कुठे टाकायचा ते तो त्यांना हळूहळू सांगत गेला. मी चिखलात अनवाणी उभी राहून रडत होते. राग होता, आणि आनंद होता, आणि त्या खुर्चीचं दुःख होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मागचा पडदा मधोमध झिजला आहे. कडेचं दिसतं, म्हणून घरात वावरतात, कॉफी ओतून घेतात, कुणाला पत्ता लागत नाही. पण ज्याच्यावर नजर लावावी नेमकं तेच पुसट होतं. गेलेलं परत यायचं नाही, आहे ते जपायचं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना विचारलं, कॉफी चालेल ना.

नवरा स्पॉटर झाला. गाडीपाशी दुसरा माणूस ठेवला. अप्पा घरी, खुर्चीत. आम्ही संध्याकाळी परतायचो तेव्हा ते सकाळी होते त्याच जागी असायचे. विचारायचे, "कोठे गेला होता आज?" आणि उत्तर मिळालं की पुन्हा गप्प. मी त्यांच्याशी भांडण उकरून काढायचा प्रयत्न करायची, तेही जमेना. असा बराच काळ गेला.

मग एका सकाळी गाडीत बघते तर मागच्या सीटवर अप्पा, धुतलेली वेष्टी नेसून. मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "तिथे त्यांचं काय काम?"

"काम काही नाही," तो म्हणाला. "येऊ देत."

तिरुवैयारुच्या वाटेवरचं लांबलचक शेत होतं ते. दोघं पलीकडच्या बांधावर गेले. नवऱ्यानं रिकामा कॅन उपडा घालून त्यांना त्यावर बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. माझी फेरी सुरू झाली. "तार?" "तार विचारत्येस. तार लांब आहे. येऊ दे." अगदी अप्पांची पद्धत. पहिली टाकी संपली. दुसरी भरून ड्रोन निघाला, आणि मध्येच माझ्या कानात भलताच आवाज यायला लागला. नवऱ्यानं संच सदऱ्याच्या खिशात टाकला होता आणि त्याचं बटण कशानं तरी दाबलं गेलं होतं. एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकीच्यांना बोलता येत नाही, नुसतं ऐकू येतं. मी ड्रोन तिथल्या तिथे मागे घेतला आणि उतरवला. हात वर करून नवऱ्याला खूण करणार, तेवढ्यात अप्पांचा आवाज आला.

"आता कोठे आहे?"

"उतरला, मामा. औषध संपलं असेल."

"ड्रोन नव्हे रे. ती."

अप्पा त्याला अरे-तुरे करत होते.

"ती त्या टोकाला आहे. नारळाखाली. टोपी घालून."

"रागावली आहे?"

"नाही. रागावली की मान वर करते. आता खाली आहे."

"बारीक झाली आहे का?"

"थोडी. कानापाशी केस पांढरे झाले आहेत."



"कधी झाले?"

"वर्ष होऊन गेलं, मामा."

"मजला कोणी सांगितलं नाही," अप्पा म्हणाले. "रोज समोर बसते. मजला तिचं तोंड दिसत नाही."

रस्त्यावरून गाडीपाशी उभा असलेला माणूस हातवारे करून मला विचारत होता, काय झालं, का थांबलात. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. मग डोक्यावरची टोपी काढली, वेणीत खोचलेले कानाजवळचे केस मोकळे केले आणि त्यांच्याकडे तोंड करून सरळ उभी राहिले.

"टोपी काढली, मामा," कानात नवऱ्याचा आवाज आला.

"मग? सांग की."

"सांगतो," तो म्हणाला. "आपल्याकडेच बघते आहे."